अगाथाबाईंचे अकरा दिवस

समजा, शनिवारची सकाळ आहे आणि भांडुपच्या तुमच्या कॉलेज ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. खिंडीपाड्याच्या वरच्या अंगाला, विहार तलावाच्या बाजूला उतारावर एक गाडी सापडली आहे. नाक झुडपात घुसलेलं. आत एक उंची कोट, कपड्यांची छोटी बॅग आणि ड्रायव्हिंग लायसन्स. गाडीची मालकीण गायब. आणि ती मालकीण म्हणजे सध्या जिचं पुस्तक सगळीकडे गाजतंय ती लेखिका. दुपारपर्यंत तलावात शोध सुरू, संध्याकाळपर्यंत एलबीएस मार्गावर चॅनलवाल्यांच्या गाड्यांची रांग, रात्रीपर्यंत नवऱ्यावर संशय. अकरा दिवस हेच. आणि मग बाई सापडतात कुठे, तर महाबळेश्वरच्या एका चांगल्या हॉटेलात. धडधाकट. रोज पेपर वाचतायत, संध्याकाळी डान्स करतायत. हॉटेलच्या रजिस्टरमध्ये नाव भलतंच, आणि त्यातलं आडनाव नवऱ्याच्या प्रेयसीचं!

वेबसिरीजमध्ये हे दाखवलं तर तुम्हीच म्हणाल, जरा अतीच झालं. पण हे घडलेलं आहे. विहारच्या जागी सरे परगण्यातला सायलेंट पूल नावाचा तलाव ठेवा, महाबळेश्वरच्या जागी यॉर्कशरमधलं हॅरोगेट हे औषधी झऱ्यांचं गाव ठेवा, साल १९२६ घाला. बाईंचं नाव अगाथा ख्रिस्ती.

नाव ऐकलं नाही असं कुणी असेल असं वाटत नाही. ६६ रहस्यकादंबऱ्या, १४ कथासंग्रह, शिवाय नाटकं. पुस्तकांचा खप दोनशे कोटी प्रतींच्या वर गेल्याचा अंदाज सांगितला जातो. वाचलं नसलं तरी तुम्ही तिला पाहिलेलं आहे. लुंगीतल्या मेहमूदमुळे लक्षात राहिलेला १९६५चा 'गुमनाम' हा तिच्याच एका कादंबरीच्या सांगाड्यावर उभा आहे आणि १९७३चा 'धुंद' तिच्या नाटकावरून घेतलेला. तुमच्या आजोबांना विचाराल तर ते मात्र बाबूराव अर्नाळकरांचं नाव घेतील. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू. चाळीच्या गॅलरीत आणि लोकलच्या डब्यात ज्यांनी एक अख्खी पिढी वाचायला बसवली, ते अर्नाळकर. हेही टोपणनावच होतं बरं का. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, आणि पुस्तकं हजाराच्या वर. म्हणजे संख्येत आपल्या बाबूरावांपुढे अगाथा किरकोळच. पण आयुष्यच रहस्यकथेसारखं झालं ते तिचं.

तर सुरुवातीपासून बघू.

अगाथा मिलर जन्मली १५ सप्टेंबर १८९० ला, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की गावात. घराचं नाव ॲशफील्ड. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. वडील अमेरिकन, वडिलोपार्जित पैशावर आरामात जगणारे. बहीण आणि भाऊ दोघंही दहा-अकरा वर्षांनी मोठे, त्यामुळे ही घरात जवळजवळ एकटीच. शाळेत घातलं नाही. आईची एक अजब समजूत होती की मुलांना आठ वर्षांपर्यंत वाचायला शिकवूच नये. पोरीनं पाचव्या वर्षाच्या आत स्वतःचं स्वतः वाचायला शिकून टाकलं. खेळायला कुणी नाही म्हणून मनातल्या मनात मैत्रिणी तयार केल्या, त्यांना नावं दिली, स्वभाव दिले.

याच वयात तिला एक स्वप्न पडायचं. स्वप्नात एक माणूस यायचा, जुन्या सैनिकी वेषातला, हातात बंदूक. तो काही करायचा नाही, बंदूक चालवायचा नाही. नुसता असायचा. पुढे पुढे स्वप्नाचं रूप बदललं. घरात सगळे चहाला बसलेत, हसतायत, आणि एकदम तिला कळतं की समोर बसलेली व्यक्ती आई नाहीच. चेहरा आईचा, कपडे आईचे, पण डोळे त्या बंदूकवाल्याचे. तिच्या कादंबऱ्या वाचताना हे स्वप्न आठवून बघा. तिच्याकडे खुनी कधी अंधाऱ्या गल्लीतून येत नाही. तो जेवणाच्या टेबलावर तुमच्या शेजारी बसलेला असतो, तुम्हाला मीठ पास करत असतो. साठ पुस्तकांची ही युक्ती एका पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या भीतीतून आली, असं माझं मत. समीक्षक बाकी काय म्हणायचं ते म्हणोत.

ती ११ वर्षांची असताना वडील गेले आणि पैशाची ओढाताण सुरू झाली. ॲशफील्ड विकायची वेळ आली होती, पण मुलांनी हट्ट केला आणि आईनं ते कसंबसं राखलं. आई आणि ही, दोघीच त्या मोठ्या घरात. आईवर तिचा इतका जीव की रात्री उठून आईच्या खोलीच्या दाराला कान लावून तिचा श्वास चालू आहे ना ते ऐकायची.

मग पॅरिसला जाऊन पियानो आणि गाणं. दोन्हीत हात चांगला, पण लोकांसमोर उभं राहिलं की पाय लटपटायचे. करिअर तिथंच संपलं. तुमच्यापैकी व्हायवाला ज्यांची बोबडी वळते त्यांनी नोंद घ्यावी. हा लाजरेपणा तिचा जन्मभर गेला नाही. १९५८ मध्ये तिच्याच नाटकाच्या विक्रमाची मोठी पार्टी लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात होती. ती जरा लवकर पोहोचली. दारावरच्या माणसानं ओळखलं नाही आणि आत सोडायला नकार दिला. जगातली सगळ्यात खपणारी लेखिका मी कोण आहे हे न सांगता मुकाट्यानं मागे फिरली!

१९१२ मध्ये एका डान्सच्या कार्यक्रमात तिला आर्चीबाल्ड ख्रिस्ती भेटला. देखणा, धाडसी, सैन्यातला वैमानिक. खिशात पैसा नाही. आईला पसंत नव्हता. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि १९१४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी दोघांनी घाईघाईत लग्न केलं. दोन दिवसांत तो परत युद्धावर.

ती टॉर्कीतच राहिली आणि तिथल्या हॉस्पिटलमध्ये आधी नर्सिंग, मग औषधं तयार करायच्या विभागात काम करू लागली. फार्मसी करणाऱ्यांनी हे जरा मन लावून वाचा. तेव्हा गोळ्या पाकिटात यायच्या नाहीत. मलमं, मिश्रणं, सपोझिटरी सगळं हातानं तयार करायचं. १९१७ मध्ये तिनं त्याची रीतसर परीक्षाही दिली. अभ्यासासाठी गावातल्या एका फार्मासिस्टकडे शिकायला जायची. एकदा त्यानं सपोझिटरी बनवताना औषधाचं प्रमाण काढलं आणि हिच्या लक्षात आलं की दशांश चिन्ह चुकलंय, मात्रा दहापट झाली आहे. आता गुरूला तोंडावर कसं सांगणार? सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं. तिनं पाय घसरल्याचं नाटक केलं, सगळा ट्रे खाली पाडला आणि वर पायानं चांगलं तुडवून टाकलं. मग माफी मागितली. हाच माणूस खिशात कुरारे या विषाचा तुकडा घेऊन फिरायचा. का, तर त्यामुळे आपल्याकडे ताकद आहे असं त्याला वाटायचं. तो तिच्या डोक्यात जवळपास ४५ वर्षं बसून राहिला आणि १९६१ च्या 'द पेल हॉर्स' या कादंबरीत उतरला.

डिस्पेन्सरीत कधी काम डोक्यावर असायचं, कधी तासन्‌तास रिकामे. चारही बाजूंनी विषाच्या बाटल्या. थोरल्या बहिणीनं मागे कधीतरी चिडवलं होतं की रहस्यकथा लिहिणं काही तुला जमायचं नाही. तिनं लिहायला घेतलं. डिटेक्टिव्ह कोण असावा? टॉर्कीत तेव्हा बेल्जियममधून जीव वाचवून आलेले निर्वासित राहत होते. म्हणून तिचा हर्क्युल पायरो बेल्जियन झाला. अंड्यासारखं डोकं, मेणानं टोकदार केलेल्या मिश्या आणि पोलिसातून निवृत्त. (पहिल्याच पुस्तकात त्याला निवृत्त करून मोठी चूक केली, पुढे तो शंभरी पार करणार हे कुठं ठाऊक होतं, असं तिला नंतर वाटायचं.) पुस्तक बऱ्याच प्रकाशकांकडून परत आलं. शेवटी जॉन लेननं घेतलं आणि १९२० मध्ये ते आलं. तिच्या हातात पडले २५ पौंड. पण तिला सगळ्यात आनंद झाला तो औषधनिर्मात्यांच्या एका व्यावसायिक पत्रिकेनं विषाची माहिती अचूक आहे म्हणून केलेल्या कौतुकाचा.

पुढची पाच-सहा वर्षं झरझर जातात. मुलगी रोझालिंड झाली. नवऱ्याबरोबर जगाची सफर झाली, त्यात दक्षिण आफ्रिकेत आणि हवाईत ही बाई चक्क सर्फिंग शिकली, फळीवर उभं राहून. स्वतःच्या कमाईतून मॉरिस काउली गाडी घेतली. सनिंगडेल या गावात घर घेतलं आणि पहिल्या पुस्तकावरून त्याचं नाव ठेवलं 'स्टाइल्स'. आर्चीला गोल्फचं वेड लागलं होतं. ती लिहायची, तो गोल्फ खेळायचा.

आणि उजाडलं १९२६.

एप्रिलमध्ये आई गेली. अगाथा वेळेवर पोहोचू शकली नाही. आर्ची तेव्हा परदेशात होता, तो अंत्यविधीलाही नव्हता. आल्यावरही त्यानं या दुःखापासून लांबच राहणं पसंत केलं. आजारपण, रडारड, उदास चेहरे हे आपल्याला झेपत नाही, हे त्यानं तिला लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं. बघा हं, माणूस कधी कधी पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकतो, आपण ऐकत नाही. अगाथा ॲशफील्डला गेली आणि एकटीनं आईच्या, आजीच्या पिढीपासूनचं सामान आवरायला लागली. दिवसाचे दहा-अकरा तास काम, खाणं नाही, झोप नाही. विसरायला होऊ लागलं. एकदा चेकवर सही करताना स्वतःचं नावच आठवेना. गंमत म्हणजे त्याच उन्हाळ्यात 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' ही तिची कादंबरी बाजारात आली आणि तिच्या शेवटावरून वाचकांत भांडणं जुंपली. शेवट काय ते सांगणार नाही. सांगितलं तर हे पान तुम्ही मला परत पाठवाल. बाहेर नाव गाजतंय आणि आत बाई कोसळतेय, अशी ती अवस्था.

ऑगस्टमध्ये आर्ची आला आणि त्यानं सांगून टाकलं. नॅन्सी नील नावाच्या मुलीवर आपलं प्रेम आहे, घटस्फोट हवा. नॅन्सी गोल्फ खेळायची. अगाथाला बसलेला धक्का कसा होता हे समजायला तिचं स्वप्न आठवा. चेहरा नवऱ्याचा आणि डोळे परक्याचे. तिनं लहानपणी हे असं स्वप्नात बघितलंच होतं, फक्त बंदूकवाला म्हणून.

तीन महिने कसेबसे गेले. ३ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी दोघांचं भांडण झालं आणि आर्ची वीकेंडला मित्राच्या घरी निघून गेला. तिथं नॅन्सीही येणार होती. रात्री पावणेदहाच्या सुमारास अगाथा वर गेली, झोपलेल्या सात वर्षांच्या रोझालिंडचा पापा घेतला, खाली आली आणि गाडी घेऊन निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी न्यूलँड्स कॉर्नर नावाच्या टेकडीखाली, खडूच्या खाणीच्या काठाशी गाडी सापडली. डिसेंबरच्या थंडीत कोट गाडीतच.

मग इंग्लंडला वेड लागलं. हजारावर पोलीस, काही हजार स्वयंसेवक, शिकारी कुत्रे. हरवलेल्या माणसासाठी तिकडे पहिल्यांदाच विमानं वापरली गेली असं सांगतात. तलावात गळ टाकून झाले. गृहमंत्री पोलिसांच्या मागे लागले. न्यूयॉर्कच्या पेपरात पहिल्या पानावर बातमी. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांना त्या काळात परलोकविद्येचा नाद होता. त्यांनी अगाथाचा एक हातमोजा मिळवला आणि तो एका माध्यमाकडे नेला! ज्यानं जगाला पुराव्यावर विचार करायला शिकवलं त्या माणसानं हे करावं. डॉरथी सेयर्स या दुसऱ्या रहस्यलेखिका जागेवर येऊन फेरी मारून गेल्या. रविवारी तर लोक बायकापोरांसह डबे घेऊन आले, सहलीला यावं तसे.

सरेचे पोलीस अधिकारी केनवर्ड यांची खात्री होती की बाई मेली आहे आणि प्रेत याच परिसरात आहे. आर्चीच्या हालचालींवर नजर होती, फोन ऐकले जात होते. पेपर रोज नवा तर्क छापत होते. खून झाला, जीव दिला, पुस्तक खपवण्यासाठी स्टंट केला, पुरुषाच्या वेषात लंडनमध्ये फिरते आहे. आज तुमच्या फीडवर जे चालतं ते सगळं तेव्हाही होतं. फक्त दिवसातून दोन-तीनदा छापून यायचं.

या गोंधळात एक साधा पुरावा समोर पडलेला होता. निघताना अगाथानं दिराला पत्र टाकलं होतं, की तब्येतीसाठी यॉर्कशरमधल्या झऱ्यांच्या गावी जातेय. तिच्या स्वतःच्या पुस्तकात असं असतं तर पायरोनं दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेआधी केस मिटवली असती.

कारण ती खरंच तिथं होती. शनिवारी रेल्वेनं लंडनहून हॅरोगेटला गेली, हायड्रोपॅथिक हॉटेलात खोली घेतली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, मिसेस टेरेसा नील, केपटाउन. नील! नवे कपडे घेतले. वाचनालयातून पुस्तकं आणली. बिलियर्ड्स खेळली, पियानो वाजवला. ११ तारखेला लंडनच्या टाइम्समध्ये एक छोटी जाहिरात आली, दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या टेरेसा नील यांच्या नातेवाइकांनी आणि मित्रांनी संपर्क साधावा. ती तिनंच दिली होती. हॉटेलच्या बँडमधल्या दोघा वादकांना फोटोतली आणि समोर नाचणारी बाई एकच आहे असं वाटलं आणि ते पोलिसांकडे गेले. १४ डिसेंबरला आर्ची आला, लॉबीत बसला. ती जेवायला खाली उतरली, त्याच्याकडे बघितलं आणि कुणी लांबचा ओळखीचा भेटावा तशी वागली.

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश झाल्याचं सांगितलं. कुटुंबानं तेच सांगितलं. लोकांनी विश्वास ठेवला नाही. शोधमोहिमेचा खर्च कुणी द्यायचा यावर संसदेत प्रश्न विचारले गेले. कालपर्यंत तलावाकाठी तिच्यासाठी उभे असलेले लोक आज तिला लबाड म्हणायला लागले, कारण ती मेली नव्हती. मला या सगळ्या प्रकरणात हे सर्वांत क्रूर वाटतं.

मग खरं काय? तीन तर्क आजही टिकून आहेत. पहिला, खरोखर स्मृती गेली. मानसोपचारात अशी अवस्था ठाऊक आहे. असह्य ताणाखाली माणूस स्वतःची ओळखच सोडून देतो, दुसऱ्या नावानं वावरतो, वरून अगदी नॉर्मल दिसतो. दुसरा, नवऱ्याला अद्दल घडवायची, त्याचा वीकेंड नासवायचा, एवढाच बेत होता आणि तो हाताबाहेर गेला. आडनाव, जाहिरात आणि दिराला टाकलेलं पत्र या बाजूला बोट दाखवतात. तिसरा, ती त्या खाणीशी मरायलाच गेली होती आणि ऐनवेळी मागे फिरली. १९२८ मध्ये तिनं एकदाच एका वृत्तपत्राशी यावर बोलताना या तिसऱ्या गोष्टीच्या जवळ जाणारं काही सांगितलं, की त्या रात्री जीव द्यायचे विचार मनात होते आणि मग पुढचं आठवत नाही. मला पहिला आणि तिसरा एकत्र धरावासा वाटतो. सहा महिने न झोपलेल्या, न जेवलेल्या, आई गेलेल्या बाईकडून थंड डोक्याच्या प्लॅनची अपेक्षा करणारे लोक तिच्या कादंबऱ्या जरा जास्तच वाचत असावेत. आणि स्टंटचा तर्क तर सोडूनच द्या. पार्टीच्या दारातून परत जाणारी बाई असा स्टंट करेल?

१९२८ मध्ये घटस्फोट झाला. आर्चीनं लगेच नॅन्सीशी लग्न केलं आणि ते तिच्या मृत्यूपर्यंत टिकलंही. खलनायकाला शिक्षा वगैरे काही नाही. ख्रिस्ती हे आडनाव अगाथाला नको होतं, पण पुस्तकं त्याच नावानं खपत होती. म्हणजे सोडून गेलेल्या नवऱ्याचं नाव ती जन्मभर दोनशे कोटी प्रतींवर छापत राहिली.

त्याच वर्षी एका जेवणात कुणीतरी बगदादचं वर्णन केलं. ती वेस्ट इंडीजला जायची तिकिटं काढून बसली होती. दुसऱ्या दिवशी ती रद्द केली आणि ओरिएंट एक्स्प्रेसनं निघाली. एकटी, ३८ व्या वर्षी. इराकमध्ये उर इथलं उत्खनन बघितलं, १९३० मध्ये पुन्हा गेली आणि तिथं भेटला मॅक्स मॅलोवन. पुरातत्त्वाचा अभ्यासक, तिच्याहून जवळजवळ १४ वर्षांनी लहान. बहिणीनं विरोध केला, ती स्वतःही घाबरली होती, पण सप्टेंबरमध्ये लग्न झालं आणि ४५ वर्षं चाललं. पुढे नवऱ्याबरोबर सीरिया-इराकच्या वाळवंटात तंबूत राहून ती भांड्यांचे तुकडे जोडायची, फोटो काढायची. निमरूदला सापडलेल्या जवळपास तीन हजार वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती वस्तू तिनं स्वतःचं फेस क्रीम आणि विणकामाची सुई वापरून साफ केल्या. उरलेल्या वेळात खून. 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस', 'डेथ ऑन द नाइल' याच वर्षांतले.

या काळातलं तिचं दुसरं गुपित फारसं कुणाला माहीत नसतं. १९३० पासून ती मेरी वेस्टमॅकॉट या नावानं वेगळ्या कादंबऱ्या लिहीत होती. त्यात खून नाही, डिटेक्टिव्ह नाही. माणसांच्या तुटण्याच्या गोष्टी. जवळजवळ २० वर्षं हे नाव कुणाचं ते वाचकांना कळलं नाही, १९४९ मध्ये एका पेपरवाल्यानं फोडलं आणि तिला ते फार लागलं. का लागलं ते १९३४ ची 'अनफिनिश्ड पोर्ट्रेट' वाचली की कळतं. त्यात सीलिया नावाची बाई आहे. तिचं बालपण अगाथाचं, स्वप्नातला बंदूकवाला तोच, आई तशीच जाते, नवरा तसाच येऊन सांगतो आणि सीलिया मरायला निघते. जे पोलिसांना, पेपरांना, बहुधा मॅक्सलाही सांगितलं नाही ते तिनं दुसऱ्या नावाखाली छापून दुकानात ठेवलं होतं. ११ दिवसांचा उलगडा शोधणाऱ्यांनी तलाव उपसले, पण १५ वर्षं कुणी हे पुस्तक तिच्या नावाशी जोडून वाचलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात ती पुन्हा हॉस्पिटलच्या औषध विभागात. 'एन ऑर एम?' या कादंबरीत तिनं एका कंटाळवाण्या मेजरला ब्लेचली हे नाव दिलं आणि ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या तोंडचं पाणी पळालं. कारण शत्रूचे सांकेतिक संदेश फोडण्याचं अतिगुप्त काम ब्लेचली पार्कमध्ये चालू होतं. चौकशीत निघालं काय, तर एकदा तिची ट्रेन ब्लेचली स्टेशनात रखडली होती, त्या वैतागानं तिनं ते नाव त्या रटाळ माणसाला चिकटवलं. कांजूरमार्गच्या अलीकडे सिग्नलला अडकलेल्या लोकांना हे कारण लगेच पटेल.

बॉम्ब पडत असताना तिनं पायरोची शेवटची कादंबरी लिहून तिजोरीत ठेवली. ती १९७५ मध्ये बाहेर आली आणि न्यूयॉर्क टाइम्सनं पायरोचा मृत्युलेख पहिल्या पानावर छापला. 'द माउसट्रॅप' हे नाटक २५ नोव्हेंबर १९५२ ला लंडनमध्ये लागलं आणि कोविडपर्यंत थांबलं नाही. त्याचे हक्क तिनं नऊ वर्षांच्या नातवाला बर्थडे गिफ्ट म्हणून देऊन टाकले होते!

सगळंच गोड नाही. तिच्या पुस्तकांत परदेशी माणसं, ज्यू, नोकरचाकर यांच्याबद्दल जे शेरे येतात ते आज वाचताना खटकतात. 'गुमनाम'च्या मागच्या त्या १९३९ च्या कादंबरीचं मूळ इंग्लंडमधलं शीर्षक काळ्या लोकांसाठीची शिवी होती, ते बदलावं लागलं. उलट बाजूला ही नोंद: 'द पेल हॉर्स'मध्ये थॅलियमच्या विषबाधेची लक्षणं तिनं इतकी बरोबर लिहिली की १९७७ मध्ये लंडनच्या एका हॉस्पिटलात डॉक्टरांना न कळलेला एका लहान मुलीचा आजार ती कादंबरी वाचत असलेल्या नर्सनं ओळखला. मूल वाचलं. अगाथा मात्र तोवर, १२ जानेवारी १९७६ ला, गेलेली होती.

शेवटच्या वर्षांवरही एक प्रश्नचिन्ह आहे. टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये तिच्या कादंबऱ्या कॉम्प्युटरवर तपासल्या. शेवटच्या पुस्तकांत शब्दसंपत्ती घटलेली, तेच ते शब्द परत परत, 'गोष्ट' किंवा 'काहीतरी' असे मोघम शब्द वाढलेले. त्यांना अल्झायमरची शंका आली, निदान मात्र तिच्या हयातीत कधी झालं नव्हतं. १९७२ च्या ज्या कादंबरीत ही घसरण ठळक दिसते तिचं नाव 'एलिफंट्स कॅन रिमेंबर'. हत्ती विसरत नाहीत. तिच्यातली मुख्य बाई एक वयस्क रहस्यलेखिका आहे आणि तिला जुन्या आठवणी गोळा करत लोकांच्या दारोदार फिरावं लागतं.

तिनं आत्मचरित्र लिहिलं, १५ वर्षं खपून. १९५० मध्ये निमरूदला सुरुवात केली, १९६५ मध्ये संपवलं, छापलं गेलं ते मृत्यूनंतर. त्यात टॉर्की आहे, ॲशफील्ड आहे, बंदूकवाला आहे, दहापट मात्रेचा ट्रे आहे. आई गेली ते आहे, आर्चीनं सांगितलं ते आहे. आणि मग पुढच्या वर्षाची हकिगत सुरू होते. डिसेंबर १९२६ त्यात नाही. २००८ मध्ये तिच्या ग्रीनवे या घरात नातवाला एका खोक्यात जुन्या टेप सापडल्या. आत्मचरित्रासाठी तिनं स्वतः सांगितलेला मजकूर, तिच्या आवाजात, १३ तासांहून जास्त. सगळ्यांनी कान टवकारले. टेप ऐकून झाल्या. त्या अकरा दिवसांबद्दल त्यातही एक शब्द नव्हता.